एकशेविसावा

"तू गेलास तो गेलास, जाताना माझी जागा पण घेऊन गेलास!" आरासेलीने उलथनं भावाच्या नाकासमोर नाचवलं. तव्यावरची तोर्तिया करपायला लागली.

"मी कशाला घेऊ तुझी जागा?" एफ्राइन बुटाची नाडी ओढत म्हणाला. "तुझा नंबर बारावा, माझा शेवटचा. मधे शंभरावर पोरं आहेत. त्यांना जाऊन विचार."

"तेच तर तुला कळत नाही, दगडा! आपल्या वर्गात एकशेवीस पोरं होती तेव्हा दहा टक्के म्हणजे बारा. तू दाखला काढलास, उरली एकशेएकोणीस. आता अकराच. अपूर्णांक ऑफिसवाले सोडून देतात."

आई चुलीपाशी घेवड्याचे दाणे ढवळत होती. पोरगी खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं.

वरच्या दहा टक्क्यांत नाव आलं की सरकारी विद्यापीठाचं दार आपोआप उघडतं. टेक्ससचा कायदाच आहे तसा. बाकीच्यांनी अर्ज करायचा आणि वाट बघायची. नदीकाठच्या या गावातून वाट बघून कोणी विद्यापीठात गेलेलं एफ्राइनने तरी पाहिलं नव्हतं. वाट बघणारी पोरं शेवटी कांद्याच्या शेडमध्ये दिसायची.

"आज दहाला मोजणी आहे," आरासेलीचा आवाज एकदम खाली आला. "आजचाच आकडा विद्यापीठाला जाणार. एफ्रा, एक दिवस बस. झोप काढ, नापास हो, उद्या परत सोड. पण आज पटावर ये."

"आज माझा ट्रक आहे."

"माहितीये."

"तीन महिने मागे लागलोय त्या रुफिनो ठेकेदाराच्या. साडेआठला ट्रक तेलविहिरींवर निघतो, मग उन्हाळ्यापर्यंत जागा नाही. आणि हिचं काय, तर एक दिवस बस!" त्याने बादलीला लाथ घातली. पाणी आईच्या पायापर्यंत गेलं. तिने पाय उचललाही नाही. तो तसाच बाहेर पडला.

कोपऱ्यापर्यंत तो शिव्या देत गेला. शाळेला, रुफिनोला, अपूर्णांकाला. नापास होणारी पोरं कमी झाली की शाळेचा निकाल चांगला दिसतो. म्हणून तर उपमुख्याध्यापकांनी दाखल्यावर सही करायला स्वतःचं पेन काढून दिलं होतं. वर खांद्यावर थापही मारली होती. तेव्हा बाराचे अकरा होतील हे कोणी मोजलं नव्हतं. त्यानेही नाही.

कोपऱ्यावर तो थांबला. सात वाजून गेले होते. त्याने रुफिनोला फोन लावला.

"येत नसशील तर नको येऊस," रुफिनो खेकसला. "पण माझी जागा रिकामी जाता कामा नये. माणूस पाठव. आणि शाळेचा दाखला असलेला पाठव. शाळेतलं पोर कामावर सापडलं तर विमावाले माझं कातडं सोलतील."

एफ्राइनला एकच नाव सुचलं. तोन्यो. हरणांच्या शिकारीचा मोसम लागला तेव्हापासून तोन्यो शाळेत फिरकला नव्हता. त्याच्या बाकावर पोरं दप्तरं ठेवायची. त्याच्यापेक्षा जास्त शाळा सोडलेला माणूस गावात नव्हता.

"उठ रे कुंभकर्णा. तेलविहिरींवर येतोस?"

"मी? खरंच? आणि तू?"

"मी शाळेत चाललोय."

तोन्यो इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू शाळेत! बरं बरं. एक छोटं काम आहे, ते उरकतो आणि पोचतो."

साडेआठला पेट्रोलपंपावर ट्रक हलला तेव्हा एफ्राइन समोरच्या फुटपाथवर उभा होता. तोन्योने टोपी हलवली. खुशीत होता बेटा. एफ्राइनने हात वर केला नाही. ट्रक दिसेनासा झाल्यावर तो शाळेत गेला आणि ऑफिसातल्या ओकान्यास बाईंनी पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही केली.

दहाला शेवटच्या वर्षाची सगळी पोरं शाळेच्या जिममधल्या पायऱ्यांवर बसवली होती. एफ्राइन मागच्या पायरीवर बसला. "बघा, म्हातारा परत आला," कोणीतरी म्हणालं. नापास होत होत तो धाकट्या बहिणीच्या वर्गात येऊन बसला होता. एरवी त्याने दात पाडले असते. पुढच्या ओळीतून आरासेलीने मान वळवली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. लहानपणी त्याने तिला झाडावरून उतरवलं होतं तेव्हा अशीच हसली होती. आपण काहीतरी बरोबर केलं असं त्याला फार दिवसांनी वाटलं.

ओकान्यास बाई यादी वाचत त्याच्या पायरीशी आल्या. एकेक नाव, एकेक हात. सगळ्यात खाली हाताने लिहिलेलं त्याचं नाव होतं. त्याने हात वर केला. बाईंनी यादी मिटली.

"बाई, तोन्यो..." तो सहज म्हणाला. "त्याचं नाव कधीच गेलं असेल ना?"

"आज गेलं. ऑफिस उघडताच दाखला काढून नेला त्याने. दाखल्याशिवाय ट्रकमध्ये घेत नाहीत म्हणे. मित्राने काम दिलं म्हणून नाचत होता."

"पण तो तर नोव्हेंबरपासून येतच नव्हता!"

"येत नव्हता," बाईंनी पेनचं टोपण काढलं. "पटावर होता."

आणि त्यांनी यादीखाली आकडा लिहिला. एकशेएकोणीस. म्हणजे पुन्हा अकराच.

आरासेली अजून हसत होती. तिथवर आवाज पोचला नव्हता. तिला कळायच्या आत एफ्राइन उठला.

"बस खाली, कुठे निघालास?" बाई म्हणाल्या.

"मला आता निघायला हवं."