कुट्टिशंकरन बसला

चौथा बांबू मोडला, तरी कुट्टिशंकरन बसला नाही.

वेलदोड्याच्या मळ्यामागे फणसाच्या झाडाला त्याचे पुढचे पाय साखळीने जखडले होते. पाच जण त्याला झोडपत होते. गुडघ्यावर, घोट्यावर, नखांच्या वर जिथे कातडं पातळ असतं तिथे. नवा माहूत दिवाकरन समोर उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होता, "बस! बस म्हणतो ना!"

हत्ती उभाच. अंगभर थरथरत होता, पण पाऊल तसूभर सरकत नव्हतं.

मद उतरला आणि माहूत नवा आला, की हत्तीला असंच बडवतात. तो गुडघे टेकून बसला म्हणजे त्याने नवा धनी मानला. तोवर हात थांबवायचा नाही. अर्धवट सोडलेला हत्ती पुढे माणूस मारतो, असं मारणारेच सांगतात.

कुडाच्या पलीकडे पाटी होती, हत्तीवरून फेरी. काल बोटीत झोपलेली, आज धबधबा बघून आलेली वीसेक माणसं तिथे पत्र्याखाली अननसाच्या फोडी खात बसली होती. त्यांच्या कानावर काही जाऊ नये म्हणून औसेप्पच्चन मालकाने देवळातल्या चेंडा ढोलाचं वादन मोठ्याने लावून दिलं होतं. ढोलाच्या दणक्यात बांबूचा दणका खपून जातो.

"दीड तास झाला," औसेप्पच्चन घड्याळाकडे बघत म्हणाला. "बांबूने नाही भागायचं. पहार आणा."

तेवढ्यात कुडाचं दार ढकलून कार्त्यायनी आत आली. वेलप्पन माहुताची बायको. वेलप्पन तीस वर्षं या हत्तीबरोबर होता आणि गेल्या पावसात तापाने गेला.

"कार्त्यायनीचेची, घरी जा," औसेप्पच्चन म्हणाला. "बायामाणसांनी बघायचं काम नाही हे."

"तीस वर्षं ह्याचा भात रांधला, तेव्हा मी बाई नव्हते होय, मालक?"

बांबूवाल्यांपैकी एक जण हसला आणि मालकाकडे बघून गप्प झाला.

"तुझ्या नवऱ्याने लाडावलाय ह्याला. हट्टी झालाय."

"माझ्या नवऱ्याने नुसती हनुवटी हलवली, तरी हा बसायचा. तुम्ही पाच रेडे मिळून बोंबलताय, तर बसत नाही. हट्टी कोण ते तुम्हीच बघा."

पहार आली. दोघांनी मिळून उचलली. कार्त्यायनीने लुगडं खोचलं आणि कोणी अडवायच्या आत हत्तीच्या पलीकडे, झाडाच्या बाजूला शिरली. तिकडे चर होता, चिखल होता, म्हणून मार सुरू झाल्यापासून कोणी फिरकलं नव्हतं.

पहारीचा घाव गुडघ्यावर बसला. हत्ती कण्हला.

"थांबा!" ती पलीकडून किंचाळली. "हात तोडीन एकेकाचे! ही काठी कोणाची?"

हत्तीच्या मागच्या उजव्या पायाला एक लांब वेताची काठी टेकून उभी होती. पितळी टोपणाची.

दिवाकरनचा चेहरा उतरला. सकाळी न्याहारीला जाताना त्यानेच ती टेकवली होती. परत आला तेव्हा कोणीतरी हातात बांबू दिला. चांगली काठी मारून कशाला मोडायची, म्हणून ती तिथेच राहिली.

माहूत काठी टेकवून गेला, की तो येऊन काढेपर्यंत हत्तीने हलायचं नाही. हलला तर काठी पडते. पिल्लू असताना हत्ती सगळ्यात आधी हेच शिकतो, आणि तेही मार खाऊनच.

काठी पडली नव्हती.

एकाने हातातला बांबू अलगद जमिनीवर ठेवला.

"काठीने सांगितलंस उभा राहा, तोंडाने सांगतोस बस," कार्त्यायनी म्हणाली. "त्याने काठीचं ऐकलं. न्याहारीच्या वेळेलाच मानलं होतं रे तुला, गाढवा."

तिने काठीकडे बोट दाखवलं.

"आता काढ. लावणाऱ्यानेच काढायची असते."

दिवाकरन सोंडेखालून गेला. जाताना त्याने डोळे मिटून घेतले. सोंड त्याच्या मानेवर आली, मान हुंगून बाजूला झाली. त्याने काठी उचलली.

कुट्टिशंकरन लगेच बसला. कोणी पुन्हा सांगायची वाटही पाहिली नाही. आधी मागचे पाय दुमडले, मग पुढचे. पुढचा डावा गुडघा जमिनीला टेकला तेव्हा ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

"बसला!" औसेप्पच्चनने टाळी वाजवली. "बसला की नाही! ए, तो चेंडा बंद करा. अंबारी आणा. पहिली तिघं पाठवा इकडे."

चेंडा थांबला. कुडापलीकडून माणसांचं हसणं ऐकू येऊ लागलं.

कार्त्यायनीने त्या गुडघ्यावर तळवा ठेवला. हाड जागेवर नव्हतं. कातड्याखाली बोटांना नुसते तुकडे लागले. तिने हात काढून घेतला आणि रक्त लुगड्याला पुसलं.

"दिवाकरा," ती हळू आवाजात म्हणाली, "आता ह्याला उठ म्हण."

"म्हण की," औसेप्पच्चन म्हणाला. "लोक खोळंबलेत. आता तुझ्या शब्दाबाहेर नाही जायचा तो."

दिवाकरनने ओठ घट्ट मिटून घेतले.

"अरे म्हण ना!"

कुट्टिशंकरनने कान पुढे केले आणि माहुताच्या तोंडाकडे बघत राहिला.