आपला उदयसिंह

“हितं बघा आता,” म्हणत मैनुद्दीननं मोबाईल काउंटरवर आडवा धरला. “काही बोलत नाही तो. दारात उभा राहून नुसता भावाकडं बघतो. पण अंगावर काटा येतो का नाही, सांगा.”

साखर पेठेतली रत्नम्मा अस्तराचं कापड घ्यायला आली होती. तिनं ट्रेलर परत एकदा पाहिला आणि मान डोलावली. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या मैनुद्दीनच्या अरुंद मॅचिंग सेंटरमध्ये आठवडाभर हेच चाललं होतं. सिनेमा शुक्रवारी लागणार होता. पोस्टरवर हिरोचा चेहरा मोठा होता, पण मैनुद्दीनला हिरोशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा जीव हिरोच्या धाकट्या भावाचं काम करणाऱ्या उदयसिंहमध्ये अडकला होता. आधीच्या सिनेमांत हा पोरगा मध्यंतराआधीच मरायचा. या खेपेला शेवटपर्यंत होता. पुढच्या वर्षी तर तोच हिरो असणार, अशी बातमी होती. आणि तो जवळच्या मोहोळचा, म्हणजे आपलाच.

“कॉलेजला असताना यायचा की हितं,” मैनुद्दीन म्हणाला. “मुंबईला जायला घाबरत होता. मीच म्हणालो, बेटा, तू जा. तुझे डोळे बोलतात.”

यातलं काहीच घडलं नव्हतं. सुरुवातीला तो फक्त ‘आपल्याकडचा पोरगा’ म्हणायचा. मग पोरगा नव्या पेठेत यायला लागला, मग दुकानात, आणि आता मैनुद्दीनच्या सांगण्यावरून मुंबईला गेला होता. कुणाचं नुकसान नव्हतं. सांगताना ऊर भरून यायचा, एवढंच.

एव्हाना दोघी मायलेकी पायरी चढून आत आल्या होत्या. आई पन्नाशीची, डोक्यावर पदर. मुलीनं पिशवीतून जांभळी साडी काढली. तिच्यावर ब्लाऊजपीस हवा होता आणि तो आजच, कारण साडी शुक्रवारी नेसायची होती. मैनुद्दीननं रंग जुळवता जुळवता त्यांनाही ट्रेलर दाखवला आणि गोष्टही सांगितली. शेजारच्या गाड्यावर उभं राहून दोघं चहा प्यायचे, हे या खेपेला त्यात नव्यानं आलं.

मुलगी हातातलं कापड ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

“दादा सोलापुरात कधी होता?” ती म्हणाली. “त्याचं कॉलेज तर पुण्याला झालं.”

“अंकिता,” आई हळूच म्हणाली.

मैनुद्दीननं मुलीकडं नीट पाहिलं. मोबाईलमधल्या चेहऱ्यावरच्याच त्या जाड, जुळलेल्या भुवया.

“मी बहीण त्याची,” अंकिता म्हणाली. “ही आई.”

रत्नम्मा सरकून जवळ आली. पलीकडं लेस बघणाऱ्या दोघी बायकाही वळल्या. “अक्का,” रत्नम्मानं विचारलं, “तुमचं पोरगं हितं येत होतं म्हणतेत हे. खरं काय?”

मैनुद्दीननं कात्री उचलली, परत ठेवली. इतक्या वर्षांत या पेठेत त्यानं कधी कापडाच्या मापात खोट केली नव्हती. आणि आता सगळ्या गिऱ्हाइकांसमोर नाक कापलं जाणार होतं.

आईनं मोबाईलवर थांबलेल्या लेकाकडं पाहिलं. मग मैनुद्दीनकडं पाहिलं, बराच वेळ.

“व्हय,” ती म्हणाली. “सुट्टीला आला की यायचा हिकडं. सांगायचा की घरी. नव्या पेठेत एक मामू हायेत, लई जीव लावत्यात म्हनून.”

अंकितानं तोंड उघडलं, आईचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

“काय म्हनला हुता तुमी त्याला?” आईनं विचारलं. “मला बी सांगा की एकदा.”

मैनुद्दीनला मान वर करवेना. “म्हणालो... बेटा, तू जा.”

“मग?”

“तुझे डोळे बोलतात.”

“बोलत्यात,” आई म्हणाली. “ल्हान हुता तवापासनं बोलत्यात.”

मग दुकानात एकच गलका झाला. लेसवाल्या बायकांनी आईबरोबर फोटो काढले. रत्नम्मा म्हणाली, असा लेक पोटी यायला नशीब लागतं. “नशीब कसलं, लई हट्टी हाय,” आई म्हणाली, पण पदर सारखा करून प्रत्येक फोटोला ताठ उभी राहिली. मैनुद्दीननं कापड मापापेक्षा चार बोटं जास्तच कापलं.

मायलेकींना रिक्षा बघून द्यायला तो रस्त्यावर आला. अंकिता आधी आत बसली. तेवढ्यात त्यानं आवाज खाली आणला.

“ताई, मी तुमच्या मुलाला कधी पाहिलेलं नाही. पडद्यावर बघितलं तेवढंच.”

“ठावं हाय मला.”

“मग तुम्ही तिथं तसं...”

ती रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली. मागून हॉर्न वाजत होते, तरी ती सावकाश बोलली.

“तो मुंबईला निगाला तवा समदं घर त्याच्या आडवं आलं हुतं. त्याचा बाप बोलंना, मी अन्नाला शिवले न्हाय. जा म्हननारं एक मानूस न्हवतं त्याच्याकडं.” तिनं ड्रायव्हरला चल म्हणून हात केला. “तुमी त्याला जा म्हनला हुता, असंच सांगत ऱ्हावा, मामू.”