दुसरी फेरी

"यात बसायचं कसं, आणि बसलंच तर उठायचं कसं?" काकूंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. गाडी जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दारं दोन, सीटा दोनच. शेजारी हुबेहूब तशीच दुसरी. दोन्ही लाल, दोन्ही सहा वर्षं वापरलेल्या, काचेवर चिकटवलेल्या किमतीतही फारसा फरक नाही.

"आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं सगळं," चष्मेवाला विक्रेता म्हणाला. "उठताना मी हात देईन, काकू."

काकू हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांना एरवीही हसू उशिराच यायचं, आणि गेला महिनाभर तर त्याचा दुष्काळच होता. एकुलती एक मुलगी हट्टाला पेटली होती. काकू तिच्या बाजूने, मास्तर एकटे पडलेले. तीस वर्षं त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. एका क्षणाच्या मस्तीने काय होतं, ते रस्त्यावर उभं राहून पाहिलंही होतं. उद्या पोरीच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर जाब कुणाला विचारायचा? त्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी काल जेवताना ते म्हणाले होते, "मी स्वतः शेजारी बसून बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही."

"कुणासाठी बघताय?" विक्रेत्याने विचारलं.

"मुलीसाठी. पसंती तिची. आम्ही नुसते बघायला आलोय."

"त्या नाही आल्या?"

"तिचं बघून झालंय."

एवढ्यात आतल्या खोलीतून शेठ आले. "साहेब, मी दाखवतो ना! हा नवा आहे. दोन महिने झाले, एक गाडी खपवली नाही पठ्ठ्याने."

"असू दे. यांनाच दाखवू दे," मास्तर म्हणाले.

विक्रेत्याने चावी पुढे केली. मास्तरांनी ती घेतली नाही. "चालवा तुम्हीच. मला शेजारी बसून जास्त कळतं."

"मग एकच बघा, काका. दुसरी म्हणजे हिची जुळी बहीण."

"दोन्ही बघू."

मास्तरांचा तो जुना नियम होता. शिकाऊ माणसाला एका फेरीत कधी पास म्हणायचं नाही. पहिल्या फेरीत सगळेच शहाणे असतात. हा नियम ते टोमॅटो घेतानाही पाळत, म्हणून काकू त्यांना बाजारात नेत नसत.

दाराशी विक्रेत्याची स्कूटर आडवी उभी होती, हँडलला दोन हेल्मेट अडकवलेली. ती बाजूला करून त्याने पहिली गाडी काढली. काकू शेठसमोर खुर्ची ओढून बसल्या.

पहिली फेरी ठीक झाली. तो गाडीची स्तुती करत होता. इंजीन असं, पिकअप तसा. वळणावर मास्तरांचा पाय खाली दाबला गेला. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायापाशी जास्तीचा ब्रेक असायचा. इथे नव्हता, पण पायाला कोण सांगणार? एकदा वळणावर, एकदा पुलाच्या उतारावर. दोनदा.

दुसऱ्या गाडीत मास्तरच म्हणाले, "दाबा की जरा. स्पोर्ट्स गाडी ना ही?"

"पुढे शाळा आहे, काका."

"सुटायला वेळ आहे अजून."

"एखादं पोर लवकर सुटतं," तो म्हणाला आणि वेग आणखी कमी केला.

मागचा जीपवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मग तो घासून पुढे गेला आणि जाता जाता शिवीही देऊन गेला. मास्तर चष्मेवाल्याच्या हातांकडे बघत राहिले. हात होते तिथेच होते.

"उलट नाही बोललात?"

"त्याला घाई असेल. आपल्याला कुठे आहे?"

चौकात एक आजी पिशवी सावरत रस्ता ओलांडू लागल्या. मध्येच थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तो थांबून राहिला. हॉर्न नाही, की इंजिनाची गुरगुर नाही.

दुकान जवळ आलं तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, या फेरीत आपला पाय एकदाही दाबला गेला नाही.

विक्रेत्याने गाडी लावली, पण तो उतरला नाही. "काका, खरं सांगू? पहिली घेऊ नका. मागून ठोकलेली आहे, वरून नुसता रंग दिलाय."

"आणि ही?"

"ही चांगली आहे. पण तुमची मुलगी रोज चालवणार असेल, तर हीही नको. एवढी बुटकी गाडी ट्रकवाल्याला आरशात दिसतच नाही."

"मग तुम्ही विकणार काय, कपाळ?"

"शेठही हेच विचारतात," तो ओशाळून म्हणाला.

आत काकूंनी शेठकडून प्रत्येक नोकराचं कूळमूळ काढून घेतलं होतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हलकेच मान डोलावली, तशा त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

"मग? कुठली पक्की करायची?" शेठनी हात चोळत विचारलं.

"दोन्ही नकोत."

शेठचा चेहरा उतरला. त्यांनी विक्रेत्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने मान खाली घातली. तरी तो पाहुण्यांना सोडायला दारापर्यंत आला.

स्कूटरपाशी मास्तर थांबले. दोनपैकी लहान हेल्मेट उचलून त्यांनी त्याचा पट्टा ओढून पाहिला.

"हा सैल झालाय. आजच बदल."

"हो, काका."

"आणि रविवारी तुझ्या आईला घेऊन घरी ये," मास्तर म्हणाले. "पत्ता आमच्या मुलीला विचार. हे हेल्मेट रोज तिच्याच डोक्यावर असतं."