मागची काच

"नळाचं नको!" आत्या ओरडली, तोवर भिंगरीने भरलेला मग गाडीच्या टपापर्यंत उचलला होता.

हातातला मग तिथेच थांबला. "का? पाणी ते पाणीच ना?"

गाड्या चमकवायचा आत्याचा धंदा होता, आणि सांगण्यापेक्षा दाखवायची तिला खोड होती. तिने बादलीचं काळं झाकण कट्ट्यावर उन्हात उलटं ठेवलं. त्यावर एक थेंब मगातला टाकला आणि जरा लांब दुसरा, दुकानातून आणलेल्या कॅनमधला.

"हा नळाचा. हा शुद्ध केलेला. वाळू देत. मग तूच मला सांग."

"पण आई यायचीय!"

"म्हणून तर हात चालव."

बाबा आत बाळाची दुपटी शोधत होते. ती सापडली की गाडी दवाखान्यात जाणार होती. येताना तिच्यात आई असणार होती, आणि ते बाळही, ज्याचं भिंगरीने अजून फक्त फोनवर रडणं ऐकलं होतं.

आत्याने कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं, त्यात बाटलीच्या झाकणाने मोजून गाडी धुवायचं औषध टाकलं. "याला रिन्सलेस वॉश म्हणतात, न खंगाळता धुणं. वरून धो धो पाणी ओतायचं नाही. आधी फवारायचं, धूळ भिजू द्यायची, मग भिजलेल्या फडक्याची घडी घालून अलगद ओढायची. बाजू मळली की घडी पालटायची. मळकं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही."

"का नाही?"

"चिखलाचे पाय घेऊन अंथरुणात शिरतेस का?"

"कधी कधी," भिंगरी म्हणाली.

तिच्या हाती फवाऱ्याचा पंप आला आणि गाडीला जणू आगच लागली. झाडाच्या सावलीत उभ्या गाडीभोवती ती "हटा, हटा!" करत गरगर फिरली. दारं भिजली, चाकं भिजली, थोडी आत्याही भिजली. वळसा घालून ती मागे पोचली आणि तिने पंप जोरात दाबला.

लगेच तिने तो खाली टाकला.

मागच्या काचेवरच्या धुळीत, दवाखान्यात जाताना, आईने बोटाने तीन तोंडं काढली होती. मिशांचे बाबा, चष्म्याची आई, दोन शेंड्यांची भिंगरी. शेजारी जागा मोकळी ठेवली होती. "बाळाला आणायला याल, तेव्हा चौथं तू काढ," असं सांगून ती गेली होती. आता बाबांच्या मिशा ओघळत खाली निघाल्या होत्या.

भिंगरी कुंडीकडे धावली आणि मूठभर माती घेऊन परत आली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"काचेवर माती घासलीस तर ओरखडे कायमचे राहतील."

"पण आई बघेल ना! तिला वाटेल, मी पुसलं."

"पुसलंसच तू," आत्या म्हणाली. तिने एकेक बोट उघडून मूठ रिकामी केली आणि हात धुवायला लावले. "आता काच अर्धवट सोडू नकोस. घडी घाल. वरून खाली."

भिंगरीने नाक ओढत काच पुसली, मग कोरड्या फडक्याने टिपली. काच इतकी लख्ख झाली की तिला तिच्यात स्वतःचं रडकं तोंड दिसलं. तिने फडकं कट्ट्यावर भिरकावलं. ते काळ्या झाकणाशेजारी पडलं.

"आत्या! आत्या, लवकर ये!"

कॅनमधल्या थेंबाचा मागमूस उरला नव्हता. नळाच्या थेंबाच्या जागी मात्र एक पांढरं कडं उमटलं होतं.

"नळाचा थेंब गेला, पण गेलाच नाही!"

"शाब्बास! त्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, ते मागे राहतात. आता कळलं ना, गाडीला नळाचं पाणी का..."

भिंगरी तिथे होतीच कुठे? तिने नळाच्या पाण्याचा मग उचलला होता, त्यात बोट बुडवलं होतं आणि ती काचेवर बाबांच्या मिशा काढत होती. आत्याने ओरडायला तोंड उघडलं. असले डाग काढण्यातच तिचा जन्म गेला होता. तिने तोंड मिटलं आणि भिंगरीच्या हातातला मग धरायला ती पुढे झाली.

बोटाची रेघ काचेवर टिकेना. ती मोडून तिचे थेंब थेंब झाले. तरी मिशा झाल्या, चष्मा झाला, शेंड्या झाल्या. चौथ्याचं तोंड तिने गोल आणि भलंमोठं काढलं.

"एवढा मोठा आ?"

"ते रडतंच फक्त."

बाबा खांद्यावर दुपटी टाकून बाहेर आले. "अरे वा! पण मागे ठिपके राहिले की," म्हणत त्यांनी रुमाल काढला.

"हात नको!" दोघी एकदम किंचाळल्या.

बाबांनी रुमालासकट दोन्ही हात वर केले. "गाडी आहे की बॉम्ब?"

गाडी सावलीतून निघून फाटकाबाहेर उन्हात आली आणि थांबली. "टोपडं राहिलं!" म्हणत बाबा पुन्हा घरात पळाले. पट्टा लावलेल्या भिंगरीने खिडकीतून मान काढली.

"आत्या, दिसतंय का?"

"अजून नाही."

"आता?"

"अगं, वाळू तर दे!"

बाबा टोपडं घेऊन आले. गाडी हळूहळू पुढे सरकली. आत्या ओलं फडकं हातात घेऊन मागोमाग चालू लागली आणि एकाएकी पळायलाच लागली.

"मिशा आल्या! चष्मा आला गं! तुझ्या शेंड्या, दोन्ही!"

"आणि बाळ?" गाडी वळणावर पोचली होती. "आत्या, बाळ आलं का?"

आत्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तीन पांढऱ्या तोंडांशेजारी ऊन लागून काहीतरी चमचमत होतं.

"ते अजून ओलं आहे!"