भाताचा दुसरा गोळा

कंबोडियातल्या पैलिनच्या नदीत बाप्तिस्मा घेतल्यावर तिसऱ्या दिवशी साविन जुन्या गावी गेला. तरुणपणी ख्मेर रूजच्या कत्तलींच्या राज्यात, त्यांचा शिपाई म्हणून, त्यानं ज्या घरातून एका मास्तरांना हात बांधून नेलं होतं, ते घर त्याला बरोबर सापडलं. मास्तरांची बायको किमलाय आता म्हातारी झाली होती. अंगणात तांदूळ पाखडत बसली होती.

"ताई, त्यांना मीच मारलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पण आता मी येशूचा झालो. पाद्री म्हणाले, सगळं धुतलं गेलं. देवानं मला माफ केलं."

तिनं सूप खाली ठेवलं. "बरं झालं बाबा. आमच्यात तसं धुतलं जात नाही, केलेलं भोगावंच लागतं. म्हणून तर दर पितृपंधरवड्यात मी विहारात भाताचे दोन गोळे ठेवते. एक ह्यांच्या नावानं."

"आणि दुसरा?"

"तुझ्या. मला वाटलं, तूही मेला असशील. असलं पाप घेऊन गेलेल्याला पुढं कोण घास घालणार?"

"माझं नाव तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्या दिवशी तुझे सोबती तुला हाका मारत होते ना."

साविनची मान खाली गेली. तिच्याकडे त्यानं क्षमा मागितलीच नव्हती, नुसती मिळाल्याची बातमी द्यायला आला होता. पाद्र्यांपुढे पाप कबूल करतानाही तो 'एक मास्तर' एवढंच म्हणाला होता. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ताई," त्यानं कसंबसं विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"