परतीची खिडकी

कमवा-शिका योजनेतली मुग्धा विद्यापीठाच्या ग्रंथालयात परतीच्या खिडकीवर बसे. मुदत संपली की वाचकाच्या कपाळाला पट्टी लावायची आणि बटण दाबायचं. मेंदूत उतरवून दिलेला विषय ग्रंथालयात परत जमा होई.

त्या दुपारी अंबादास खरबस आले. कर्णबधिर लेकीशी बोलता यावं म्हणून त्यांनी खुणांची भाषा नेली होती.

“ताई, मुदत वाढवून द्या ना.”

“दोनदा वाढवलीय, काका. तिसऱ्यांदा सिस्टिमच घेत नाही.”

त्यांनी शेजारी उभ्या लेकीला हातांनी काहीतरी सांगितलं. ती हसली. मग त्यांनी कपाळ पुढे केलं.

मुग्धाने बटण दाबलं. मुलगी खुणा करून काही विचारत राहिली आणि ते नुसतेच तिच्या हातांकडे बघत राहिले.

मुग्धाच्या कार्डावर एकच विषय मिळे. सोमवारच्या परीक्षेसाठी तिने संख्याशास्त्र घेतलं होतं. तिने पट्टी स्वतःच्या कपाळाला लावली, संख्याशास्त्र जमा केलं आणि खुणांची भाषा उतरवून घेतली.

“ती विचारतेय, बाबांचे हात गप्प का झाले?” मुग्धा म्हणाली. “रोज चार वाजता दोघंही या, काका. मी शिकवेन. तसं शिकलेलं आम्ही परत घेत नाही.”