दाराच्या आतून

“दचकले, दादा. घाबरले नाही,” दिग्दर्शिका म्हणाली आणि तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

साउंडवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थरारपटाच्या त्या पहिल्या दीड मिनिटाने आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं होतं. पडद्यावर माणूस एकही नाही. कॅमेरा घरात, अगदी फरशीलगत, सरपटल्यासारखा बंद दाराकडे जात राहतो. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड आत येतो. त्या उजेडात दोन पावलांची सावली येऊन थांबते. किल्ली फिरते. काळोख, आणि सिनेमाचं नाव. बाकी सगळी भीती आवाजाने उभी करायची. म्हणजे कोणी, तर त्याने.

आणि त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? छातीची धडधड घातली. व्हायोलिनची किंकाळी घातली. पोटात घुमेल असा खर्ज घातला, वीज पाडली, कुत्रं रडवलं. बाईसाहेबांचा आपला नन्नाचा पाढा सुरूच.

“आता काय, मी स्वतःच पडद्यामागून ओरडू?”

ती हसली नाही. “तुमचे सगळे आवाज दाराबाहेरचे आहेत. कॅमेरा आत आहे, दादा. आतल्या माणसाला काय ऐकू येतं, ते द्या. उद्या दुपारपर्यंत बघू. नाही जमलं तर मला हे काम दुसरीकडे द्यावं लागेल.”

दुसरीकडे म्हणे. उभी हयात दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदा पडद्यावर त्याचं एकट्याचं नाव लागणार होतं. ते असं हातातोंडाशी येऊन जायचं? चहा गार होता म्हणून त्याने चहावाल्याला फैलावर घेतलं, दार आपटलं आणि तो बाहेर पडला. आतला आवाज पाहिजे ना? घे आतला आवाज.

भर दुपारी तो घरी गेला. बायको कामावर, मुलगी शाळेत. त्याने छोटा रेकॉर्डर चालू करून चपलांच्या कपाटावर, छत्र्यांच्या मागे ठेवून दिला. दोघींना कळवायचा प्रश्नच नव्हता. एकदा कळलं की माणसं जपून बोलतात, जपून चालतात आणि घराचा आवाज खोटा होतो, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. मग तो स्टुडिओत परतला आणि संध्याकाळी रोजच्यासारखा घरी आला.

घर रोजच्यासारखंच शांत होतं. मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. बायकोने न विचारता पाणी आणून दिलं, न विचारता ताट वाढलं. बाहेर कितीही डोक्याला ताप असला तरी घरी आल्यावर चकार शब्द ऐकावा लागत नाही, याचं त्याला फार सुख होतं. मित्रांना तो ते कौतुकाने सांगायचाही.

सकाळी स्टुडिओत त्याने रेकॉर्डिंग संगणकावर घेतलं आणि कपाळाला हात लावला. पडद्यावर आवाजाची रेघ छान उंचसखल, दाट दिसत होती. मग एकाएकी ती सपाट झाली होती. त्यापुढे काही वेळाने किल्लीचा एक बारीक उंचवटा. नेमक्या मोक्याच्या वेळी मशीनने दगा दिला होता. त्याने रेकॉर्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात दिग्दर्शिका आत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “लावा, असेल तसं.”

रेघेवरची किल्ली चित्रातल्या किल्लीशी जुळवून त्याने लावलं. ऐकून बघायलाही सवड मिळाली नव्हती.

कॅमेरा फरशीवरून सरकू लागला. खोलीत टीव्ही चालू होता. एक मुलगी आपल्या शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती, नाकात बोलून, अगदी हुबेहूब. एक बाई हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, तरी थांबेना. साउंडवाल्याला क्षणभर कळलंच नाही की ही आपली बायको आहे. तिचं हे हसू त्याने कधी ऐकलं असेल, तर लग्नाच्या आधी.

मग दूर, जिन्यात, पावलं वाजली.

मुलीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

“आले,” बाई दबक्या आवाजात म्हणाली. “टीव्ही बंद कर. पुस्तक घे हातात.”

टीव्ही बंद झाला. खुर्ची सरकली. उशा जागेवर गेल्या.

“आई, आज चिडलेले असतील?”

“श्श.”

त्यानंतर काहीच नाही. मशीन व्यवस्थित चालू होतं. दोन माणसं श्वास रोखून बसली होती, एवढंच. दाराखालच्या उजेडात सावली आली, थांबली. किल्ली फिरली. काळोख.

दिग्दर्शिकेने बाही वर सारून हात पुढे केला. अंगावर काटा उभा होता.

“हेच. हेच मागत होते मी आठवडाभर. शाबास, दादा. काम तुमचंच.”

त्याने मान हलवली. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते मिळालं होतं, आणि त्याला शरमेने वर बघवत नव्हतं.

“फक्त एक सांगा,” ती म्हणाली. “या दोघी एवढ्या घाबरल्यात, म्हणजे बाहेरच्या माणसाचं काहीतरी भयंकर असणार. पुढच्या प्रसंगात मला ते दाखवावं लागेल. कोण आहे तो? काय करून आलाय?”

“काही नाही,” तो म्हणाला. “कामावरून घरी आलाय.”